डेअरीतली खुर्ची

बाबा गेल्यावर कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आई आणि तिच्या दोन म्हशी एवढंच घर उरलं. मी पुण्याच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर. घरून काम चालत होतं तोवर आईजवळ राहिले. मग एका महिन्याच्या आत ऑफिसात हजर व्हा, असा फतवा निघाला. कोल्हापुरातच काही मिळालं तर पुणं सोडते, असं आईला सांगून मी काम शोधायला लागले. कारखान्यांना प्रोग्रॅमर हवे होते, पण लोखंड कापणाऱ्या मशिनचे. एका दुकानदाराला बिलाचं सॉफ्टवेअर विकणारी मुलगी हवी होती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते माणसांनाही लागू आहे. पुण्यात ज्या कामासाठी कंपन्या माणसं पळवतात, ते इथं कुणाला फुकटही नको होतं.

आई गप्प बसणारी नव्हे. एका सकाळी डेअरीत दूध घालून आली ती हसतच.

"सेक्रेटरीस्नी बोलून आलोय मी. डेअरीत कंपूटर हाय की. उद्यापासनं तू जायाचं."

गल्लीभर सांगूनही झालं होतं. मला रागही आला आणि हसूही. पण तिचं मन मोडवेना. दुसऱ्या दिवशी किटली घेऊन तिच्याबरोबर गेले. सेक्रेटरी भला माणूस. त्याने उठून मला स्वतःची खुर्ची दिली. दूध मापलं, फॅट तपासली, आकडे आपोआप स्क्रीनवर आले, पावती निघाली. मी नुसतीच बसून राहिले.

"हे बंद पडलं तर कोण बघतं?" मी विचारलं.

"पुण्याला फोन लावायचा, ताई. तिकडनंच करत्यात ते." मग आईकडे वळून तो हळू आवाजात म्हणाला, "काकी, ह्यांच्या शिक्षणाचं हितं काम न्हाय."

वाटेत शेजारणीने विचारलं, "लागली का पोरगी?" आई "बघू" एवढंच म्हणाली. तिचा उतरलेला चेहरा मला बघवेना.

म्हशी विकून माझ्याबरोबर पुण्याला चल, असं मी किती वेळा म्हटलं. "तिथं मी काय करू?" ती विचारायची.

महिना संपला. पुण्याला निघायच्या दिवशी ती स्टँडवर आली. भाकरीची पिशवी माझ्या हातात देताना तिने वर बघितलंच नाही.

"तुला शिकवलं ते बरंच केलं," ती म्हणाली. "पर हितं लागंल असलं कायतरी शिकवाय पायजे होतं."