विहिरीवरचा पहारा

द्वारकाबाईंनी पहिल्या भेटीत माझा हात हातात घेतला, तेव्हा मला वाटलं, किती मायाळू बाई! दुसऱ्याच क्षणी त्यांनी तो नाकाशी नेला. चांगला वास घेतला आणि म्हणाल्या, "दोनदा धुतले हात. स्टेशनावर एकदा अन् इथं आल्यावर एकदा. काहून वं? मधातल्या रस्त्यानं कोणाला शिवली होती का?"

मी साताऱ्याकडची. अमरावतीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला नुकतीच आलेली, आणि राहायची सोय मुलींच्या वसतिगृहातल्या कोपऱ्यातल्या खोलीत. बडनेऱ्याला गाडी बदलून, धूळ खात, टांग्याचे हिसके सोसत मी पोचले होते. कोणी 'ये, बस' म्हणेल, चहा टाकेल, असं वाटत होतं. इथं तर पोचल्या पोचल्या माझी उलटतपासणी. त्या बाई म्हणजे वसतिगृहाच्या सुपरिंटेंडंट. मूळच्या अकोल्याच्या, लहान वयात विधवा झालेल्या, मग भावाशी भांडून शिकलेल्या. पांढरं लुगडं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि समोरचा माणूस काहीतरी वाया घालवतोच आहे अशा खात्रीनं बघणारे डोळे.

बाईंचा जगावर विश्वास म्हणून नव्हता. रिकाम्या खोलीत गेल्या तर आधी बंद दिव्याला हात लावून बघायच्या. गरम लागला की झालं. "कोणीच नव्हतं म्हणता, मंग हा तापला कशानं? भुतं वाचून राहिली होती का?" भाजीच्या टोपलीतून साल उचलून उन्हात धरायच्या. सालीतून ऊन दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर ज्या मुलीची पाळी असेल तिला हाक. "ये इकडं. हा दुधी सोलला का त्याचे दोन तुकडे केले?" वह्यांची पाठकोरी पानं गोळा करून त्या दोऱ्यानं शिवायच्या आणि कच्च्या कामाला द्यायच्या, पण देताना मागची बाजू वाचून बघायच्या, कोणी चिठ्ठीचपाटी तर लिहीत नाही ना!

चुलीला पऱ्हाट्या लागायच्या. कापूस वेचून झाला की शेतातली वाळकी झाडं गाडीभर यायची, तेवढ्यात वर्ष काढायचं असा बाईंचा हट्ट. म्हणून तूरडाळ अर्धी शिजली की भांडं उतरवून गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचं. तासाभरात ती आपल्याच वाफेवर मऊ व्हायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कोणी आजारी आहे. राख भांड्यांना, रिठे केसांना, साली मागच्या खड्ड्यात, आंघोळीचं पाणी पपईच्या आळ्यात. त्या खड्ड्यातलं खत कुठं जातं यावरही गावात चर्चा होती. बाई ते अकोल्याला भावाच्या शेतात धाडतात, असं एक मत होतं. मलाही काही दिवस तसं वाटलं, कारण संशय घेणाऱ्या माणसाच्या सहवासात आपणही तसेच होतो. खत पपईलाच जात होतं. पपया आम्हीच खात होतो आणि बाईंना नावं ठेवत होतो.

मुली त्यांच्या मागे त्यांची नक्कल करायच्या. सर्वात चांगली नक्कल वेणूची. तिवशाकडच्या एका भिक्षुकाची ही मुलगी, इंटरच्या वर्गातली, हसरी आणि कमालीची हुशार. तिला कॉलेजात घालताना वडिलांनी घरातल्या साऱ्यांशी वाद घातला होता, पण एक अट होती. परीक्षेआधी काही कारणानं घरी परत आली तर पुन्हा कॉलेज नाही, वैशाखात लग्न. अशा अटीवर आलेल्या मुली आमच्याकडे पुष्कळ होत्या. वेणू ते मोकळेपणी सांगायची, इतकाच फरक.

त्या वर्षी पोळ्यानंतर पावसानं तोंड दाखवलं नाही. माघातच आमच्या विहिरीच्या पायऱ्या उघड्या पडल्या आणि फाल्गुनात बादली तळाला घासू लागली. कॉलेजच्या समितीचे सेक्रेटरी येऊन विहिरीत डोकावून गेले. धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "बाई, असंच राहिलं तर पंधरा दिवसांत हॉस्टेल बंद करावं लागेल. मुलींना घरी पाठवा. परीक्षा काय, पुढच्या वर्षी देतील."

सेक्रेटरी गेल्यावर बाई विहिरीच्या कठड्यावर बसून होत्या. मी जवळ गेले तशा म्हणाल्या, "पुढच्या वर्षी म्हणे! या पोरी घरी गेल्या तं पुढच्या वर्षी त्यांच्या कडेवर लेकरं दिसतीन तुले. एवढ्या पोरींतली एक परत आली तं माझं नाव बदल." आणि मग माझ्याकडे रोखून बघत, "पाणी एवढं झपाट्यानं कमी नाई होत. कोणीतरी चोरून राहिलं."

तिथून बाईंना पाणीचोराचा ध्यास लागला. केस धुणं बंद झालं. कपडे एक दिवसाआड. माझ्या न्हाणीघराची फरशी किती ओली आहे ते बघायला त्या दारात उभ्या राहायच्या. मी चिडून म्हटलं, "बाई, मी इथं प्राध्यापक आहे." त्या म्हणाल्या, "प्रोफेसरीण असशीन. पाण्याले काय माहीत?"

मुली झाल्या, मी झाले, मग संशय भिंतीपलीकडे गेला. भिंतीच्या त्या बाजूला करीमभाई रंगरेजाचं अंगण होतं. त्यांच्या दोऱ्यांवर लाल, हिरवी लुगडी वाळत असायची आणि त्यांच्या विहिरीला पाणी होतं. बाई एका दगडावर चढल्या आणि भिंतीवरून ओरडल्या, "तुमची विहीर भरून कशी राहते जी भाई? आमचं पाणी तिकडून ओढून राहिले तुमी!"

करीमभाई हात पुसत आले. "माझी विहीर खोल आहे बाईसाब."

"एवढी खोल काहून केली?"

यावर त्या माणसानं काय बोलावं? बाई आणखी चार शब्द बोलल्या, त्यात 'चोर' हा एक होता. मला भिंतीच्या अलीकडे उभं राहून लाज वाटली.

चोर रात्री येत असणार असं ठरवून बाईंनी नवा बंदोबस्त केला. दिवस मावळायच्या आत स्वयंपाकघरातले सगळे हंडे, घागरी, मुलींचा मोठा रांजण काठोकाठ भरायचा आणि दाराला कुलूप घालायचं. विहिरीत पाणी राहिलंच नाही तर चोर नेणार काय? आणि पहाटे उठून कुलूप काढलं की स्वतः काठी घेऊन विहिरीवर पहारा. पहारा सुरू झाला आणि पाणी आणखीच झपाट्यानं उतरलं. मुलींनी सामान बांधायला काढलं. वेणूनं हसणं सोडलं. आता ती नक्कलही करीना.

एका सकाळी बाई पहाऱ्यावरून परतताना स्वयंपाकघराच्या मागून आल्या. मी तिथंच तोंड धूत होते, तांब्याभर पाण्यात, बाईंच्या धाकानं. अंगणातली तुळससुद्धा माना टाकून होती, आणि मोरीच्या तोंडाशी अळू मात्र सुपाएवढ्या पानांनी डोलत होतं. बाई थबकल्या. "भांडी तं राखेनं घासून राहिलो आपण. मंग याले पाणी कोण पाजून राहिलं?" त्या तिथंच उकिडव्या बसल्या. मलाही बसवलं. थोड्या वेळात मोरीतून पाणी आलं. धार नव्हे, लोंढा. स्वच्छ, पिण्याचं पाणी भळभळा वाहत अळवात शिरलं.

बाई काठी टाकून आत धावल्या. आत आमच्या स्वयंपाकीणबाई, गंगाकाकू, सोवळं नेसून दुसरा हंडा मोरीत उपडा करत होत्या.

"गंगे! काय करून राहिली?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "रातचं पाणी आहे. शिळं झालं. आता ताजं भरीन."

"शिळं म्हणून फेकून देते? एवढं?"

"तुमीच तं सांगतलं होतं, मी आली त्या दिवशी. पोरी परक्याच्या आहेत, त्यायले शिळं पाणी द्यायचं नाई. आधी तळाशी उरलं तेवढं फेकत होती. आता तुमी सांजच्याले काठोकाठ भरून ठेवता, तं काठोकाठ फेका लागते."

मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. बघवलं नसतं. शिळं पाणी ओतून ताजं भरायचं हे आमच्या सर्वांच्याच घरी चालत आलेलं. माझी आईसुद्धा उठल्यावर पहिलं काम तेच करायची. त्यामुळे जगात कोणावरही संशय घेतला असता, त्या सवयीवर कोणी घेतला नसता. बाई विहिरीवर काठी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्याच हुकमानं त्यांच्याच स्वयंपाकघरातून विहीर वाहून जात होती.

त्या दिवशी पंगत बसली तेव्हा बाईंनी उरलेल्या हंड्यातलं पाणी पेल्यात घेतलं, उभ्यानंच मुलींसमोर गटागटा प्यायल्या. "पाणीचोर सापडला," त्या म्हणाल्या. "मीच हो. हे कालचं पाणी आहे. कालची मी तुमाले चालते न? तं हेही चालीन." मग वेणू उठली आणि तिनं आपला पेला पुढे केला.

तरी वेळ निघून गेली होती. वाया जाणं थांबलं, पण परीक्षेला महिना होता आणि विहिरीत गाळ. दुपारी बाईंनी मला म्हटलं, "चाल माझ्यासंगं." आम्ही रस्त्याला वळसा घालून करीमभाईंच्या दारात गेलो. बाईंनी सगळं सांगितलं, काही न लपवता, आणि शेवटी म्हणाल्या, "मी तुमाले चोर म्हटलं. चूक झाली. आता पाणी मांगाले आली."

करीमभाईंनी रंगानं निळे झालेले हात पुसले. "लगीनसराई आहे बाईसाब. लुगडी पडून आहेत. पण पोरींची परीक्षा होईपर्यंत सकाळचं पाणी तुमी न्या. फकत एक सांगा. तुमच्या सोवळ्याच्या चौक्यात माझ्या विहिरीचं पाणी चालीन?"

"ते मी पाहीन," बाई म्हणाल्या. आणि इतकं झाल्यावरही त्यांनी बादली वर ओढून आपल्या पांढऱ्या पदराचं टोक त्यात बुडवलं. रंग उतरतो की काय बघायला! करीमभाई मोठ्यानं हसले. मला वाटतं, त्या हसण्यानं त्यांचा राग गेला.

गंगाकाकूंनी त्या पाण्याला हात लावायचं नाकारलं. बाईंनी वाद घातला नाही. देवाचं आणि काकूंचं पाणी आमच्या विहिरीतून, घागरभर. मुलींचा रांजण बाई स्वतः भरायच्या. सोमवार न चुकता करणारी, सोवळ्यातली ती बाई दोन्ही हातांत बादल्या घेऊन करीमभाईंच्या दारातून भर रस्त्यानं यायची. लोक बघायचे. मग मीही बादली उचलली. हॉस्टेल चालू राहिलं. सगळ्या मुली परीक्षेला बसल्या.

निकाल लागायच्या आधीच बाईंना काढलं. चांगल्या घरच्या मुलींना कुठलं पाणी पाजलं, अशी कोणीतरी समितीकडे तक्रार केली होती. बाईंनी एका शब्दानं इन्कार केला नाही. मी मात्र पेटून उठले. गंगाकाकू? बाजूच्या वकिलांची बायको? कोणी सांगितलं असेल? मी एकेकाचं नाव घेत होते आणि बाई ट्रंकेत लुगडी भरत होत्या.

"शोधू नको," त्या म्हणाल्या.

"तुम्ही म्हणता हे? तुम्ही?"

"हो, मीच. शोधू नको म्हणते न."

त्या अकोल्याला भावाच्या घरी गेल्या. पहिली दोन-तीन वर्षं मी जाऊन भेटत होते. तिथंही त्या भावजयीनं काढलेल्या साली उन्हात धरत होत्या आणि भावजय माझ्याकडे बघून कपाळाला हात लावत होती. पुढे माझी बदली झाली, भेटी राहिल्या, आणि एक दिवस त्या गेल्याचं कळलं तेही उशिरा.

त्यानंतर अकोल्यालाच वेणू भेटली. मुलींच्या शाळेत शिकवत होती, बी.ए. होऊन, बी.टी. होऊन. बाईंचा विषय निघाला, तशी तिनं हातातल्या वह्या बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "तक्रार माझ्या बाबांनी केली होती. परीक्षा झाल्यावर मी घरी गेले आणि आजीला कौतुकानं सांगत बसले, करीमचाचांच्या विहिरीचं पाणी किती गोड होतं म्हणून. बाबांनी ऐकलं."

"बाईंना माहीत होतं?"

"बाबा आधी मला घेऊन हॉस्टेलवर त्यांच्याकडेच गेले होते. मी बाहेर ओसरीवर उभी होते, सगळं ऐकत. बाबा म्हणाले, मी सेक्रेटरींना सांगतो आणि मुलीला कॉलेजातून काढतो. बाई म्हणाल्या, दोन्ही नका करू भटजी, एकच करा. सेक्रेटरींना सांगा, आता सांगा, माझ्यासमोर सांगा. मी नाई म्हणणार नाई. मले काढतीन, तुमचं समाधान होईन. पण जूनमधे पोरीले परत पाठवा."

"आणि बाबांनी?"

"पाठवलं ना," वेणू म्हणाली. बाहेर शाळेची घंटा झाली, तशी तिनं डोळे पुसले, खडू घेतला आणि ती वर्गावर गेली.