न घेतलेलं नाव

घरात तिला सगळे चिमणी म्हणत, आणि दाराच्या चौकटीला तिचं डोकं लागे. वडील शिंपी. मापं घेता घेता गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमची चिमणी डॉक्टर होणार. औषध देणारी नव्हे हं, पुस्तकं लिहिणारी!"

विद्यापीठात तिने संशोधनाला विषय घेतला होता यंत्रमागावरच्या बायकांचा बहिरेपणा. सुरुवातीलाच नीतिसमितीने नियम समजावून दिले: संमती घ्या, नाव गुप्त ठेवा, ध्वनिमुद्रणं पाच वर्षं जपा. तिला ते मनापासून पटले. "तुमचं नाव कुठेही येणार नाही, मावशी," असं ती प्रत्येकीला सांगायची. तेही ओरडून सांगावं लागे.

मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी एक मावशी भारी बोलकी. मुकादमाचे ओठ बघून ती बरोब्बर माना डोलवायची; बहिरेपणाचा कारखान्यात कुणाला पत्ता नव्हता. "आणि घरी बेल वाजली की आमच्या लंगड्या कुत्र्याची शेपूट बघते," ती म्हणाली आणि पोट धरून हसली.

चर्चासत्रात चिमणीने हेच वाक्य वाचून दाखवलं, अर्थात नाव न घेता. सभागृह हसलं. पहिल्या रांगेत बसलेले कारखान्याचे मॅनेजरही हसले. गाइड सरांनीच त्यांना बोलावलं होतं. रोज सकाळी लंगडा कुत्रा कुणाला फाटकापर्यंत सोडायला येतो, हे मॅनेजरांना ठाऊक होतं. आठवडा उलटायच्या आत मावशीला घरी बसवलं. ऐकू न येणारी बाई मशीनपाशी धोक्याची, म्हणे.

चिमणी सरांकडे धावली. "सर, हे माझ्यामुळे झालं."

"तू नाव घेतलंस?"

"नाही."

"मग नियम कुठे मोडला? उगाच जिवाला लावून घेऊ नकोस." सरांनी चष्मा पुसला. "बरं, मॅनेजरांनी बाकीची ध्वनिमुद्रणंही मागितलीत. कामगारांच्या भल्यासाठीच."

"पण मी त्या बायकांना शब्द दिलाय!"

"शब्द तुझा. ध्वनिमुद्रणं विद्यापीठाची."

ती नीतिसमितीकडे गेली. नियमभंग झालेला नाही, असं उत्तर मिळालं. ध्वनिमुद्रणांचा प्रश्न विचाराधीन होता. विचार संपेपर्यंत थांबायचा धीर तिला झाला नाही. विभागातल्या संगणकावर बसून तिने एकेक मुलाखत पुसून टाकली. बायकांचं हसणं, खोकणं, सगळं गेलं.

या वेळी मात्र समितीने चटकन निर्णय दिला. पुरावा नष्ट केला, नोंदणी रद्द. वडिलांनी गिऱ्हाइकांशी चिमणीबद्दल बोलणं सोडलं.

ती मावशीकडे गेली. मावशी तिच्या ओठांकडे बघत होती.

"सगळं पुसलं, मावशी. आता कुणाच्या हाती काही लागणार नाही."

"बरं केलंस," मावशी म्हणाली. "मग मला परत कामावर घेतील?"

चिमणीने मान हलवून नाही म्हटलं. मावशीने चहाही विचारला नाही.

त्या वर्षी कारखान्याने कान तपासायचं यंत्रच आणलं. ध्वनिमुद्रणांची गरजच उरली नाही. ज्यांना ऐकू येत नव्हतं, त्या सगळ्या एकेक करून घरी गेल्या.

चिमणी आता एका छापखान्यात दुसऱ्यांच्या प्रबंधांची मुद्रितं तपासते. एकदा बाजारात त्या बायकांपैकी एक पुढे चाललेली दिसली. चिमणीने जोरात हाक मारली. बाई वळली नाही. तिला ऐकू आलं नाही की ओळखच द्यायची नव्हती, हे काही चिमणीला कळलं नाही. तिने दुसऱ्यांदा हाक मारली नाही.