धाडच्या मैदानातली निळी पिशवी

आमच्या पुण्यातल्या सोसायटीने यंदा सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनासाठी पास काढले, आणि माझा पास घरी यायच्या आत मी सामान भरून धाकट्या बहिणीकडे निघाले. कुसुम बुलढाणा जिल्ह्यात धाडला दिलेली. "एकदा तरी आमचा झेंडा पाहायला ये," असं ती वर्षानुवर्षं म्हणायची आणि मी दर वर्षी काहीतरी कारण काढायची. या वेळी कारण काढायची इच्छाच उरली नाही.

पासांची भानगड थोडक्यात सांगते. दुसऱ्या एका शहरात स्फोट झाला होता आणि सगळीकडे सावधगिरीच्या सूचना येत होत्या. एरवी आमच्या झेंड्याला शेजारच्या वस्तीतली माणसं, भाजीवाले, घरकामाला येणाऱ्या बायका, सगळे आत येत आणि जिलबी खाऊन जात. यंदा फाटक बंद, आत फक्त सभासद. हा नियम कायमचा करायचा की नाही हे येत्या रविवारी समितीत ठरणार होतं. मतं निम्मी इकडे, निम्मी तिकडे, आणि राहिलेलं एक मत माझं.

माझा कल फाटक बंद करण्याकडे होता. त्याला कारण आहे. फार वर्षांपूर्वी ज्या बाजारात स्फोट झाला, त्याच्या मागच्या गल्लीत मी त्या संध्याकाळी शिंप्याकडे ब्लाउजच्या बाह्या उसवून घेत होते. शिंपी हळू काम करणारा, म्हणून मी आज लिहिते आहे. तेव्हापासून धनी नसलेली पिशवी दिसली की माझे पाय आपोआप मागे सरतात.

मलकापूरला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचा गारवा होता. स्टेशनबाहेर कापसाच्या गाठी लादलेले ट्रक उभे होते. बुलढाण्याची एसटी लागली आणि माणसं दाराकडे न जाता खिडक्यांकडे धावली. कोणी रुमाल टाकला, कोणी टोपी, कोणी अख्खी पिशवी आत ढकलली. मी दारातून सभ्यपणे चढले, तोवर सगळ्या जागा 'भरलेल्या' होत्या, माणूस मात्र एकही नव्हता. एका बाकावर खिडकीशी एक फुगलेली कापडी पिशवी होती आणि शेजारची जागा मोकळी होती. मी उभीच राहिले.

"बसा ना बाई," कंडक्टर म्हणाले.

"इथे कोणाची तरी पिशवी आहे."

"हाव, जागा धरेल हाय (राखून ठेवलेली आहे). तुमी बाजूले बसा."

"पण माणूस कुठे आहे?"

"चहा पेऊन राह्यला असन. बसा, पिशवी काई चावत नाई."

मागचे दोघे हसले. मी बाकाच्या अगदी टोकाला टेकले. गाडी सुटायच्या बेताला एक फेटेवाले आजोबा सावकाश चढले, पिशवी मांडीवर घेतली, तिच्यातून मूठभर बोरं काढून माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "कोन्या गावच्या?" राजूरचा घाट चढेपर्यंत माझं माहेर, सासर आणि गुडघेदुखी त्यांना ठाऊक झाली होती.

बुलढाण्याला उतरून गरम कचोरी खाल्ली आणि धाडकडे जाणाऱ्या काळीपिवळीत बसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यांवर आला होता, तूर कापून तिच्या पेंढ्या उभ्या केल्या होत्या, आणि वेचणी संपलेल्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्यांवर कुठेकुठे एखादं बोंड चुकून राहिलं होतं. दहा जणांच्या जीपमध्ये आम्ही किती होतो ते मोजण्यात अर्थ नव्हता.

कुसुमचं लग्न ठरलं तेव्हा मला तिची कीव आली होती. मी पुण्यात जाणार, ती आडगावात. ती कीव मी इतकी वर्षं जपून ठेवली होती आणि धाडला पोचून तासाभरात तिची माती झाली. कुसुमच्या घराला दार आहे, पण ते वाजवायची पद्धत नाही. एक बाई आली, विरजण घेऊन गेली. दुसरी आली, नुसतीच बसली. तिसरीने माझ्याकडे पाहून "हे मोठी का व?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता माझ्या पाया पडली. माझ्याकडे पुण्यात बेल वाजली तर ती कुरिअरवाल्याची असते. जेवायला कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), वांग्याचं भरीत आणि ठेचा होता. चव सांगत बसत नाही. हेव्याने जळणाऱ्या जिवालाही अन्न गोड लागतं हे मात्र खोटं नाही.

जेवताना माझ्या मोबाइलवर सोसायटीची सूचना आली. मी ती मोठ्याने वाचली. ओळखपत्र आणि पास दोन्ही आणावेत, पिशव्या आणू नयेत, पाहुणे आणू नयेत.

"झेंड्याले पास?" कुसुमने विचारलं. इथे राहून तिची बोलीसुद्धा इथलीच झाली आहे. "मंग जिलबी कोन खाते?"

"जिलबी नाहीच यंदा."

तिचे यजमान विठ्ठलराव शांत माणूस. ते म्हणाले, "ताई, तुमचं बी खरं हाय. शहरात कोन कोनाले वळखते?" मला हे समजूतदार बोलणं झोंबलं. कुसुमने खिजवलं असतं तर बरं वाटलं असतं.

सव्वीसला सकाळी आम्ही ग्रामपंचायतीकडे निघालो. तिथे झेंडावंदन, मग शाळेच्या मैदानात कार्यक्रम, असा गावाचा रिवाज. वाटेत कुसुम म्हणाली, "थांब, आधी जागा धरू," आणि मला मैदानात घेऊन गेली.

मैदान रिकामं होतं. स्टेजसमोर सतरंज्या होत्या, आणि सतरंज्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिशव्या. खताच्या गोणीच्या शिवलेल्या, साडीच्या दुकानातल्या, नायलॉनच्या, एक चक्क दुधाची किटली. माणूस नाही. कुसुमचा हात धरून मी तिला मागे ओढलं.

"अव, काय झालं?"

"या सगळ्या कोणाच्या?"

"बायाईच्या. सकाळी झाडाझूड करता करता पिशवी टाकून जातेत. घरचं आवरलं का येऊन बसतेत." मग तिने मला प्रत्येक पिशवीच्या बंदाला बांधलेली चिंधी दाखवली. ज्या बाईची पिशवी, तिच्याच जुन्या लुगड्याची चिंधी. "हे पिवळी शेजारच्या कांताची. हिरवी दिसते ना, ते पंचफुलाबाईची. शाळेत शिकवत होत्या, आता रिटायर झाल्या. आज संविधानाची उद्देशिका त्याच वाचतेत." जांभळी कोणाची, ठिपक्यांची कोणाची, ती सांगत गेली. माझी भीती ओसरली आणि तिच्या जागी असूया येऊन बसली, तीही अशी ऐसपैस की तिला मैदान पुरेना. आमच्या इमारतीत मी अठरा वर्षं राहते. माझी साडी कोणाला ओळखता येईल? साडी जाऊ द्या, मी तरी ओळखू येईन का?

त्या जळफळाटात मी एक गोष्ट केली. कुसुमने आपली लाल चिंधीची पिशवी पहिल्या रांगेत ठेवली, आणि मीही खांद्यावरची निळी चेनवाली पिशवी काढून तिच्या शेजारी ठेवली. मलाही जागा धरायची होती. इथल्या बायकांसारखी पाठ फिरवून, बेफिकीर चालत जायचं होतं. गेले मी. दोनदा वळून पाहिलं, पण गेले.

झेंडावंदन झालं. जिलबीचा कागद माझ्या हातात येतो न येतो तोच शाळेच्या भोंग्यावरून आवाज आला.

"लोकहो, पुढच्या रांगेत एक निळी चेनवाली पिशवी हाय. तिले चिंधी नाई. ज्याची असन त्यानं येऊन सांगावं. कोनी हात लावू नका."

"ताई," कुसुम म्हणाली, "तुही पिशवी."

आम्ही पोचलो तेव्हाचं मैदान मी विसरणार नाही. बायकांनी आपापल्या पिशव्या उचलल्या होत्या आणि मोकळ्या सतरंजीवर माझी एकटीची पिशवी राहिली होती. मुलांना शाळेच्या मागे नेलं होतं. बाकी गाव मैदानाच्या कडेला उभं होतं. पोलीस पाटील (गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी असलेला गावातलाच माणूस) फोन कानाला लावून मधे उभे होते, मोकळा हात पसरून लोकांना मागे ठेवत. त्यांच्या कपाळावर जानेवारीत घाम होता. एक बाई पदर तोंडात धरून उभी होती. म्हणजे हे लोकही भीत होते. आम्ही भितो तसेच, तेवढेच. त्यांना भीती कळत नाही, म्हणून ते असे मोकळे राहतात, असं मी कालपासून स्वतःला समजावत होते. तेही गेलं.

कडेपासून पिशवीपर्यंत मला एकटीला चालत जावं लागलं. चेन उघडली आणि एकेक वस्तू वर धरून दाखवली. शाल. चष्म्याची डबी. गुडघ्याचं मलम. कुसुमसाठी आणलेली आणि द्यायची राहून गेलेली बाकरवडी.

"कोनाच्या पाव्हण्या?" कडेवरून कोणीतरी विचारलं.

"कुसुमबाईची मोठी बहीण," कांताने सांगितलं. ते वाक्य तोंडातोंडी मैदानाच्या कडेने फिरत गेलं. कुसुमबाईची बहीण हाय, बहीण हाय, पुण्याची. पाटलांनी फोनवर "नाई साहेब, पाव्हण्याची निंघाली" असं सांगितलं आणि रुमालाने कपाळ पुसलं. लोक परत येऊन बसले, मुलं आली, कोणी मला बोल लावला नाही. पंचफुलाबाई तेवढ्या जवळ येऊन म्हणाल्या, "पुढच्या खेपेले चिंधी बांधजा बाई. जीव गेला होता आमचा." मग हातात कागद धरून त्या स्टेजवर गेल्या आणि 'आम्ही भारताचे लोक' असं त्यांनी खणखणीत आवाजात सुरू केलं.

कार्यक्रम संपल्यावर मी पाटलांची माफी मागितली आणि मनातलं विचारून टाकलं. इतकी भीती वाटते, तर बंद का नाही करत? घरोघरी टीव्हीवर पाहावं.

"भेव तं वाटते बाई," ते म्हणाले. "मले तं आज लय वाटलं. पन लोक आले, म्हणून पिशवी वळखीची नाई हे समजलं. लोक घरीच बसले असते, तं मी एकटा कोनती कोनती पिशवी वळखत बसलो असतो?" मग जरा थांबून म्हणाले, "आता शहराचं मले नाई सांगता येत."

संध्याकाळी कुसुमने पेटीतल्या लाल लुगड्याची पट्टी फाडून माझ्या पिशवीच्या बंदाला बांधली. तिच्या सुखाचा, शेजारणींचा, भाकरीचा हेवा मी समजू शकत होते. पण त्या लोकांच्या भीतीचासुद्धा मला हेवा वाटत होता, हे तिला कसं सांगणार? फार वर्षांपूर्वी त्या बाजारात स्फोट झाला तेव्हा मी घरी येऊन दार लावून एकटीच बसले होते. माझ्या भीतीत अजूनपर्यंत दुसरं कोणी बसायला आलेलं नाही.

परतीच्या वाटेवर मलकापूरच्या फलाटावर घोषणा चालू होती की बेवारस वस्तूंना हात लावू नये. मी चिंधी मुठीत धरून ऐकली. घोषणा बरोबरच होती.

रविवारी समितीची सभा होती. मी लवकर गेले, खुर्चीवर पिशवी ठेवली आणि पाणी प्यायला बाहेर पडले. मुद्दाम ठेवली नव्हती, हात सवयीने गेला होता, दोन दिवसांत लागलेल्या सवयीने. परत येते तो सगळे भिंतीशी उभे, आणि अध्यक्ष खिडकीतून वॉचमनला हाका मारत होते.

"ही कोणाची आहे? कोणाला माहीत आहे का?"

लाल चिंधी दिव्याच्या उजेडात चांगली दिसत होती. समोरच्या फ्लॅटच्या जोशी वहिनी तिच्याकडे पाहत होत्या, वरच्या मजल्यावरचे शहासाहेब पाहत होते. मी दारात थांबून वाट पाहिली. 'ही तर यांची' असं कोणीतरी म्हणेल, असं मला खरंच वाटत होतं.

"माझी आहे," शेवटी मीच म्हटलं.

सगळे हसले, बसले. फाटक उघडं ठेवलं तर बाहेरची माणसं ओळखायची कशी, हा पहिला मुद्दा निघाला. मी म्हटलं, आतली तरी कुठे ओळखतो? फाटकावर आपण आळीपाळीने उभं राहू, येणाऱ्याला नाव विचारू, पिशवीतलं बघू. पहिली पाळी मी घेते. माझं मत उघड्या फाटकाला पडलं आणि तोच ठराव एका मताने पार झाला. काहींनी माझ्याकडे रागाने पाहिलं, आणि त्यांचा राग मला समजत होता. मीही अजून भितेच.

घरी येऊन कुसुमला फोन केला.

"मंग पंधरा ऑगस्टले मी येतो तुह्याकडं," ती म्हणाली. "पुढची जागा धरून ठेवजो मले."

धरीन म्हटलं. पिशवी टाकून घरी जायची हिंमत मात्र अजून माझ्यात नाही. पाळी संपली की मी स्वतःच सतरंजीवर जाऊन बसेन आणि ती येईपर्यंत शेजारच्या जागेवर हात ठेवून राहीन.