वच्छलाबाईचं आभाळ

मोहर्लीत आवई होती की वाघ पाहायला वच्छलाबाईनं आपल्या जुन्या छोट्या गाडीचं छत कुऱ्हाडीनं फोडलं. साफ खोटं! छतातली सरकती काच गाडीसोबतच आली होती. बाई मात्र उन्हाळ्यात गाडी मोहाच्या झाडाखाली लावून काच उघडी ठेवी. सकाळी मोहफुलं आयती सीटवर गोळा. शेवटी फुलांच्या चिकट रसानं काच अर्धवट उघडीच जाम झाली आणि पावसाळ्यात पाणी थेट बाईच्या डोक्यावर गळू लागलं.

गोपाल मिस्त्री म्हणाला, "बाई, पत्रा ठोकून बंदच करून टाकू."

"तुह्या घराचं दार अडकलं, तं तू तिथी भिंत बांधशीन का बे? मी आभायासाठी गाडी घेतली!"

तिनं स्वतःच कोमट पाण्यानं काचेच्या खाचा धुतल्या, ग्रीस लावलं, तशी काच सरकून बंद झाली. छतावरचं पाणी खाली नेणारी नळी कुजलेल्या फुलांनी तुंबली होती, ती सायकलच्या ब्रेकच्या तारेनं मोकळी केली.

"तरी गयनच," गावभर तिची नक्कल करत फिरणारा मी तिच्याच आवाजात म्हटलं. झाली पैज! नाही गळलं, तर माझ्या तोंडून तिची नक्कल कायमची बंद. मी काचेखाली बसलो, तिनं वरून घागर ओतली. सगळं पाणी चाकाजवळ निघालं, मी कोरडाच.

नक्कल करायला तोंड बंद आहे, म्हणून लिहून काढलं.