ह्यांच्या मनगटावरचे वळ

नागपूरला जायचं म्हटलं की आमच्या ह्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. घरच्या हातमागासाठी सूत आणायलाही दुसऱ्याला पाठवायचे. तेच हे दर बुधवारी इस्त्रीचा सदरा घालून मोहाडीहून सकाळची बस धरू लागले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यात एका बुधवारी रात्री जेवताना बाही वर सरकली. मनगटावर लाल वळ.

"हे काय जी?"

"पिशवीचा बंद रुतला."

"दोन्ही हाताले?"

ह्यांनी बाही खाली ओढली. पुढच्या बुधवारी मी बसमध्ये शेजारी जाऊन बसले. "चाला, मले बी पाहू द्या थे पिशवी."

मग वाटेत बोलले. ट्रॅक्टर उलटून हे त्याखाली सापडले होते, तेव्हापासून झोप उडालेली, हात थरथरायचे, ते मला ठाऊक होतं. नागपूरची एक समुपदेशक बाई दोरीनं बांधते अन् जीव शांत होते, म्हणाले. स्वतःच हो म्हटलं, म्हणे. माझा काडीचा विश्वास बसला नाही. पैसे देऊन कोणी बांधून घेते का? अन् तेही परक्या बाईकडून?

बाई माझ्याच वयाची निघाली. मला खुर्ची दिली. मऊ सुती दोरी, जवळ कात्री. प्रत्येक वेढ्याला थांबून विचारायची, "चालेल? सोडू?" मी डोळ्यात तेल घालून दोघांची नजर बघत होते. वावगं काही सापडलं नाही. ह्यांचे हात मात्र थरथरायचे थांबले. बरं वाटायला पाहिजे होतं, पण मला तिचा रागच आला. एवढं डोकं चेपून, तेल चोळून माझ्यानं जे झालं नाही, ते तिनं दोरीनं केलं.

घरी आल्यावर म्हटलं, "मीच बांधतो. कायले जाता तिथं?"

ह्यांनी हात पुढे केले. घरातली सुती दोरी दोन बोटं आत जातील इतकी सैल ठेवून मी पहिला वेढा घातला. तोच हे म्हणाले, "सोड."

"काहून? आत्ता तं बांधलं."

"सोड म्हटलं ना."

सोडली. ह्यांनी मनगट चोळलं, माझ्याकडे पाहिलं, अन् हात पुन्हा पुढे केले.

"आता बांध. म्हटल्यावर सोडते का नाही, पाहून राहिलो होतो."

त्या बाईलाही असं पारखून घेतलं होतं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.