फुकटचं पान आणि चार वानर

“अण्णा, तुमच्या मोबाईलचं नेट बंद करा जरा,” सुजाता म्हणाली, आणि मला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, आता ही अडकली.

आम्ही देवणी गावात होतो. देवणी गायी पाळणाऱ्या शेतकऱ्यांचा एक गट आहे, बिरादार अण्णा त्याचे अध्यक्ष. गटाची गायींची नोंदवही वेबसाईटवर चढवायची होती आणि काम कुणाला द्यायचं हे त्या दिवशी ठरणार होतं. नमुना करून आणायला नोंदवहीची काही पानं दोघांनाही आधी दिलेली होती. उमेदवार दोन. लातूरला औसा रोडवर ऑफिस थाटून वर्षानुवर्षं फ्रीलान्स डेव्हलपरचं काम करणारा मी, आणि उदगीरला घरी बसून तेच काम करणारी सुजाता. ती आधी वर्षभर माझ्याकडेच कामाला होती. गटाची पहिली वेबसाईटही मीच केलेली. म्हणजे गिऱ्हाईक माझं होतं.

थोडं पोटातलं सांगतो. मी पैसे देऊन सॉफ्टवेअर वापरणारा माणूस. डिझाईनचं वेगळं, कोड तपासायचं वेगळं, फोटो लहान करायचं वेगळं. प्रत्येकाचं सबस्क्रिप्शन. म्हणजे सॉफ्टवेअर आपलं होत नाही, भाड्यानं मिळतं. भाडं थांबलं की कुलूप. लायसन्स एका मशीनचं, आणि ते मशीन माझं. मला त्याचा अभिमान होता. सुजाताकडे यातलं काहीच नाही. तिचा सगळा संसार ब्राउझरमध्ये, फुकटच्या टूलांवर. तरी माझी तीन गिऱ्हाईकं उदगीरला गेली. तिचं नाव निघालं की माझा चहा कडू व्हायचा. तिचं काम वाईट असतं तर मी खुशाल असतो. ते चांगलं होतं, म्हणून जळत होतो.

आता काम काय ते. ही नोंदवही जुन्या फॉन्टात टाईप केलेली होती. अशा फाईलमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. मोबाईलवर उघडलं की मालकाच्या नावाच्या जागी नुसती चिन्हं. ते युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागतं, मग कुठंही मराठी मराठीच दिसतं. माझ्याकडे त्याचं भारी सॉफ्टवेअर होतं. सुजातानं एक साधं वेबपेज उघडलं. वर एक चौकट, खाली एक चौकट, मधे बटण. बघूनच मला हसू आलं.

मी लगेच डाव टाकला. “अण्णा, हे फुकटचं पान कुणाचं, माहीत आहे का? तुमच्या शेतकऱ्यांचे मोबाईल नंबर यात टाकले की ते कुठल्या कॉम्प्युटरवर जाऊन बसतात, कोण जाणे.”

प्रश्न खरा होता. विचारण्यामागचा हेतू काही तेवढा साफ नव्हता.

“हाव, हे लई इचार करण्यासारखं हाय,” अण्णा म्हणाले.

“सरांनी बरोबर विचारलं,” सुजाता म्हणाली. “काही टूलं आपला माल त्यांच्याकडं पाठवतात. तसली मी वापरत न्हाई.” आणि मग तिनं ते नेट बंद करायला सांगितलं. दोघांचेही लॅपटॉप अण्णांच्या हॉटस्पॉटवर होते.

अण्णांनी नेट बंद केलं. सुजातानं नोंदवहीचं एक पान वरच्या चौकटीत टाकलं आणि बटण दाबलं. खाली स्वच्छ मराठी आलं. नावं, गावं, नंबर, सगळं.

“नेट न्हाई, मग चाललं कसं?”

“पान एकदा उघडलं की पुढचं काम ह्याच लॅपटॉपमध्ये होतं, अण्णा. नंबर भायेर जातच न्हाईत.”

“झ्याक!” अण्णा माझ्याकडे वळले. “सर, आता तुमचं बी दावा. नेट बंदच ऱ्हाऊ द्या.”

मी आयकॉनवर क्लिक केलं. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं आणि पाटी आली: लायसन्स तपासण्यासाठी इंटरनेट जोडा. भाडेकरू तोच आहे ना, हे सॉफ्टवेअर अधूनमधून मालकाला विचारून घेतं. नेमकी आजच त्याला आठवण झाली.

“याला नेट लागतं,” मी पुटपुटलो.

“म्हंजे तुमच्यातून नंबर भायेर जातात व्हय?”

“नाही हो! फक्त लायसन्सपुरतं.”

अण्णा परत सुजाताच्या पडद्याकडे बघायला लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी घाईनं पिशवीतून माझ्या नमुन्याचा, आधीच काढून आणलेला प्रिंटआऊट पुढं केला. चांगला गुळगुळीत कागद होता. अण्णांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, “गाव वलांडी. गायी सहा. पैकी शेवरा दोन, वानर चार.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “सर, आमच्या गोठ्यात वानरं कवा आली?”

देवणी गाईचे प्रकार असतात. अंगावर काळे ठिपके असले तर शेवरा, पांढऱ्या अंगाची आणि काळ्या तोंडाची ती वानेरा. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये शुद्धलेखन आपोआप सुधारायची सोय होती, तिचे मी वेगळे पैसे भरत होतो. तिला वानेरा माहीत नव्हती, तिनं वानर करून टाकलं. मला माहीत होती, पण मी वाचलंच नव्हतं. सुजाताच्या पानाला असली हुशारी येत नव्हती, त्यामुळं तिनं घरी नमुन्याची एकेक ओळ स्वतः वाचून काढली होती.

काम तिला मिळालं. जमलेली गटातली माणसं वानरांवरून हसत होती, मीही हसलो. आत काय चाललं होतं ते माझं मला ठाऊक.

बसस्टँडवर चहा घेताना राहवेना. विचारलं, “ही सगळी टूलं तू शिकलीस कुठं?”

“तुमच्याच ऑफिसात, सर.”

“मी कधी शिकवली?”

“लायसन्स तुमच्या मशीनवर हुतं न्हवं का? मी मागितलं की तुम्ही म्हणायचाव, माझं झालं की बस. तुमचं काय लवकर व्हायचं न्हाई. मग मी बसल्या बसल्या शोधत ऱ्हायची.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

तिनं टूलांची यादी मला तिथंच मोबाईलवर पाठवली. आज माझी बहुतेक सबस्क्रिप्शनं बंद आहेत, काम त्या यादीवर चालतं, आणि ती मला अजून सरच म्हणते. धडा विचाराल तर एवढाच: हाताखालच्या माणसाला सॉफ्टवेअर द्यायचं नसेल, तर निदान रिकामा वेळ तरी देऊ नये.