मृत्युपत्रातलं माहेर

जुनी मृत्युपत्रं शोधत फिरणाऱ्यांकडे दोनच गोष्टी साठतात, धूळ आणि किस्से. धूळ निदान झटकता येते. किस्से चिकटून बसतात, आणि आता ते आठवले की हसावं का डोकं आपटून घ्यावं, तेच मला कळत नाही!

आमचं मंडळ तिघांचं. मी, धुळ्याच्या शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेली बाई. दुसरे नाना, कोर्टातले रिटायर बेलिफ, म्हणजे जन्मभर लोकांच्या दारावर नोटिसा डकवलेला माणूस. आणि तिसऱ्या दोंडाईच्याच्या अक्का. ऐंशी ओलांडलेल्या, मूलबाळ नाही, यजमान केव्हाच गेले. माझ्या पहिल्या नोकरीत मी त्यांच्याच घरी भाड्यानं राहायचे.

हा सगळा उपद्व्याप अक्कांसाठी. त्यांचे वडील इंग्रजांच्या काळातल्या कुठल्याशा बड्या कापूस व्यापाऱ्याचे धाकटे चिरंजीव. भांडून घर सोडलं, आडनाव टाकलं, ‘एरंडोलकर’ लावायला लागले आणि मरेपर्यंत घरच्यांचं नाव काढलं नाही. फक्त म्हणायचे, “आमच्या जिनिंगवर साहेब लोक चहाला यायचे.” ते गेले आणि अक्कांचं माहेर तिथंच संपलं.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी न्यायला मुराळी येतो. भाऊ, भाचा, कोणीतरी. गल्लीच्या गल्ली रिकामी होते. अक्का एकट्या मागे राहतात आणि सगळ्यांच्या तुळशींना पाणी घालतात. “एकदाव तरी मन्हा मुराळी येवाले जोयजे वं माय,” असं एकदा म्हणाल्या, आणि मी पदर खोचला. जुन्या व्यापाऱ्यांची मृत्युपत्रं बघायची, त्यात घर सोडून गेलेला धाकटा मुलगा सापडला की काम फत्ते, असा माझा प्लॅन. काय तो प्लॅन!

* * *

पहिलीच मोहीम जळगावला. एका जुन्या कापूसवाल्यांचं घर. नानांनी कडी वाजवली. इतक्या वर्षांची सवय, हात तसाच पडतो! आतून बाईंनी विचारलं, “कोण?”

नाना खड्या आवाजात म्हणाले, “मालक आहेत का? एका कागदाचं काम होतं.”

मागच्या बाजूला स्कूटरला किक मारल्याचा आवाज. मग बाईंनी दार उघडलं. “ते घरी नाहीत. पुण्याला असतात.”

“अहो, आत्ता स्कूटरवरून गेले ते कोण?”

“तेच. पुण्यालाच गेले!”

* * *

मग धुळ्यातलेच एक आबा. खोकला, काठी, पण डोकं लख्ख. त्यांच्या पणजोबांच्या मृत्युपत्राबद्दल विचारायला गेलो. मी सूनबाईंना एवढंच म्हटलं, “मृत्युपत्र बघायचं होतं.” बस्! ती आत गेली, फोन झाले. आमचा चहा संपायच्या आत तिन्ही मुलगे हॉलमध्ये हजर. तिघं एकमेकांशी बोलत नाहीत, तरी एका सोफ्यावर चिकटून बसले.

थोरल्यानं विचारलं, “आबांनी कधी केलं? कोणाच्या नावावर?”

मी म्हटलं, “अहो, तुमच्या खापरपणजोबांचं हो!” तिघं तसेच उठले आणि गेले. बापाला कसे आहात म्हणूनसुद्धा कोणी विचारलं नाही.

आबा मात्र खूश. म्हणाले, “बाई, दर महिन्याला येत जा. त्या निमित्तानं पोरं तरी दिसतात!”



* * *

एरंडोलला तर मृत्युपत्र खरोखर सापडलं. पत्र्याची पेटी, आत लाल फडकं, फडक्यात कागद. अक्कांचे वडील एरंडोलकर लावायचे, म्हणून मी कागद जवळजवळ हिसकावूनच घेतला. उघडून बघते तर पितळी घंगाळ, समया, दोन घोडे, झुंबर, चांदीची अत्तरदाणी, सगळं अक्षर न् अक्षर शाबूत. आणि जिथं मुलांची नावं, तिथं वाळवी!

घरमालक कपाळाला हात लावून म्हणाला, “आमच्याकडं आधीपासूनच असं शे ताई. भांडी ऱ्हातस, माणसं ऱ्हात नहीत.”

अशी किती घरं फिरलो! कुठं कुत्रं सोडलं, कुठं वकिलाचा नंबर दिला. अक्का दर रविवारी फोन करायच्या. “काही लागनं का वं?” मी आपलं, “लागेल अक्का, लागेल.” खोटं बोलून बोलून माझीच जीभ जड व्हायला लागली होती. नाना तर सरळ म्हणाले, “बाई, सोडा आता. मेलेल्यांना माणसं सापडत नाहीत, जिवंतांना नको आहेत.”

* * *

आणि लागलं कुठं? ज्या घरचे मालक ‘पुण्याला’ गेले होते, त्याच घरी! त्यांची जिनिंगची जुनी जागा विकायला काढली होती, म्हणून पणजोबांचं मृत्युपत्र टेबलावरच होतं. या वेळी कडी मीच वाजवली आणि नानांना कोपऱ्यात बसवून वाचलं.

“धाकटा चिरंजीव रतन हा दोंडाईच्यास जाऊन, आमचे मर्जीविरुद्ध लग्न करून राहिला, सबब तो आम्हांस मेला असे समजावे.”

म्हणजे अक्कांचेच वडील! हे त्या म्हाताऱ्या जिवाला कसं सांगायचं? फोनवर मी गोलगोल बोलायला लागले. अक्का म्हणाल्या, “जशे शे तशे वाच.” वाचलं.

मग म्हणाल्या, “मन्हा बापनं नाव लिखेल शे?”

“हो अक्का.”

“घरना माणसनी लिखेल शे?”

“हो. स्वतः तुमच्या आजोबांनी.”

“मंग आखो एकदाव वाच ना वं!”

* * *

आखाजी तोंडावर आली होती. एके दिवशी त्या मालकांचाच फोन. “आत्याबाईंना घ्यायला गाडी घेऊन येतो.” आत्याबाई! मला रडूच फुटलं. नानांना लगेच सांगितलं.

नाना म्हणाले, “आधार कार्ड सोबत ठेवायला सांगितलंय का?”

“हो! तुम्हाला कसं कळलं?”

“बाई,” नाना म्हणाले, “माहेरी जायला आधार कार्ड लागत नाही.”

नानांचं खरं होतं. जागा घेणाऱ्याच्या वकिलाला आता धाकट्या पातीचीही सही हवी होती. हक्कसोडपत्र. आम्हीच वारस हुडकून दिला होता ना! आम्ही दोघं दोंडाईच्याला गेलो आणि अक्कांना सगळं स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, “अक्का, जाऊ नका.”

अक्का म्हणाल्या, “गाडी लईसन भाचाच येस ना?”

“हो, पण...”

“मंग मुराळीच ना तो!” आणि सांजोऱ्यांसाठी रवा भाजायला घेतला.

गाडी आली तेव्हा सगळी गल्ली दारात. अक्का नवं लुगडं नेसून, सांजोऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. मी आणि नाना मागे. गाडी थेट जळगावच्या रजिस्ट्रार ऑफिसात. तिथल्या साहेबांनी विचारलं, “आजी, राजीखुशीनं सही करताय ना? कोणाचा दबाव नाही?”

“दबाव कसाना? मायेरना माणसं शेतस.”

सही झाली. भाचे म्हणाले, “आत्याबाई, घरी नेलं असतं, पण रंगकाम काढलंय. पुढच्या वर्षी नक्की!” सांजोऱ्या त्यांनी पिशवीत ओतून घेतल्या आणि डबा परत दिला. रिकामा! अहो, शेजारणीचा डबासुद्धा आपण रिकामा देत नाही, चिमूटभर साखर तरी टाकतो. माझा नुसता संताप झाला. नाना मान खाली घालून रिक्षा बघायला गेले.

स्टेशनबाहेर अक्कांनी रिक्षा थांबवायला लावली. दुकानातून केळीचे वेफर्स घेतले. गाडीत बसल्यावर पाकिटं फोडली, वेफर्स डब्यात भरले आणि पाकिटं खिडकीबाहेर टाकून दिली.

संध्याकाळी दोंडाईच्यात गल्लीतल्या बाया वाटच बघत होत्या. गराडाच पडला. अक्कांनी डबा उघडला. “ल्या, बठ्ठा ल्या! मन्ही वहिनीनी घर तळेल शेतस.”

एकीनं वेफर्स तोंडात टाकत विचारलं, “अक्का, इतल्या लवकर वापस? मायेरमा ऱ्हायन्या नहीत?”

“भाचा सोडतच नव्हता वं,” अक्का म्हणाल्या. “पन मी ऱ्हायनू तर तुमन्या तुळशीसले पानी कोन टाकी?”